मडगार्डाची आतली बाजू

"तयार मडगार्ड मिळतंय. बसवून टाका. एकट्यानं कशाला जिवाचे हाल करून घेता?" डॉक्टर म्हणाले.

"बसवू," गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर म्हणाला.

डॉक्टर चपापले. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस त्यांच्याशी हुज्जत घालत होता, "तुमच्या वडिलांची गाडी आहे डॉक्टर, असला पत्रा आता बघायला मिळत नाही, जेवढा वाचतोय तेवढा वाचवू." तेव्हा गॅरेजात दोघे भाऊ होते. थोरला गेला त्याला आज सोळा दिवस झाले होते. खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

डेंटर रडला नव्हता. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. चहा गार झालाय हे कप संपल्यावर कळत होतं, एवढंच.

डॉक्टर गेल्यावर त्यानं पाना घेतला आणि मागच्या मडगार्डाचे बोल्ट सैल करायला लागला. त्याचा गंजून कुजलेला भाग दोघांनी मिळून कापला होता, नवा पत्रा घडवून जोडला होता. वेल्डिंगच्या धगीनं जोडाजवळ पत्रा उठला होता, तो तेवढा ठोकून बसवायचा राहिला होता. पण मडगार्ड खोल, एकट्याचे हात दोन्ही बाजूंना पोचत नाहीत. बाहेरून हातोडी मारायची तर आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायला हवा. हातोडी ह्याची, ठोकळा दादाचा. छत्तीस वर्षं त्यात बदल नव्हता.

तिसरा बोल्ट निघत होता तेव्हा वहिनी आल्या.

"ह्यांच्या खिशात गॅरेजची किल्ली होती. म्हटलं, देऊन यावं." मग त्यांची नजर गाडीकडे गेली. "हे काय, काढताय होय? ह्यांनी केलेलं ना ते?"

"दोघांनी केलेलं."

"मग?"

"आतून धरायला माणूस नाही, वहिनी."

वहिनींनी पदर खोचला. "कुठं धरायचं ते दाखवा."

"तुम्हाला नाही जमायचं."

"ते धरल्यावर कळेल."

सांगून ऐकणाऱ्या त्या नव्हत्याच. डेंटरनं बोल्ट पुन्हा आवळले. चाक काढलेलंच होतं, तिथं वहिनी पाटावर बसल्या, हात आत घातला. त्यानं ठोकळा त्यांच्या हातात दिला, जागा दाखवली आणि बाहेरून हातोडी मारली.

"आई गं!" ठोकळा खाली पडला. वहिनी तळव्याकडे बघत राहिल्या. "कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. रोज असंच?"

"हो."

"दिवसभर?"

"काम असेल तसं."

वहिनींनी तळवा पदराला चोळला. "पाण्याचा पेला धरताना हात कापायचा ह्यांचा. मी म्हणायचे, म्हातारे झालात. नुसते हसायचे."

डेंटरला हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं तो पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला उभा होता. "अजून जोरात मार," एवढंच आतून ऐकू यायचं.

वहिनींनी ठोकळा उचलून पुन्हा पत्र्याला लावला. त्यानं हातोडी उचलली. टक्. अगदी अलगद. पुन्हा टक्. पत्रा हललासुद्धा नाही.

"असं मारून बसेल होय?" आतून आवाज आला. "नीट मारा, भाऊजी. मी धरलंय."

डेंटरनं बाहीनं डोळे पुसले आणि हातोडीची मूठ दोन्ही हातांनी धरली.