नदीकडे जाऊ नका

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या सभागृहात, व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात जो जाडजूड, काळपट मायक्रोफोन उभा आहे, तो मी. तुमच्यातले काहीजण मला 'ठोकळा' म्हणतात, तेही माझ्या कानावर आले आहे. पण ऐकणे हेच माझे काम, त्यामुळे मी राग मानत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. ती बसवणाऱ्या बाई श्वास रोखून काम करत आणि पट्टी नीट बसली की तोंड फिरवून सुस्कारा सोडत. म्हणून सांगतो, 'हॅलो हॅलो' करताना माझ्यावर फुंकर मारू नका. साधे बोललात तरी मला पोचते.

तिथून मी एका गावाच्या नभोवाणी केंद्रात आलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये काच. काचेपलीकडे यंत्रे सांभाळणारे काका, अलीकडे मी आणि बातम्या वाचणाऱ्या ताई. ताईंचा आवाज काही गोड नव्हता, जरा घोगराच होता. पण लोक त्यांचे ऐकत. एकदा नळाला पाणी येण्याची वेळ त्यांनी चुकीची सांगितली. दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या आधी त्या म्हणाल्या, "काल माझ्यामुळे तुमच्या बादल्या रिकाम्या राहिल्या. माफ करा." गाव हसले आणि त्यांच्यावरचा विश्वास आणखी वाढला.

मग लढाई सुरू झाली. सरकारने बातम्या तपासायला एक अधिकारी पाठवले. ते आमच्याच टेबलाशी बसत. त्यांच्यापुढे एक बटण बसवले होते. ते दाबले की माझा आवाज बंद. काकांनी त्यांचे नाव कात्रीसाहेब ठेवले, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

ताईंचे आणि त्यांचे रोज वाजे. एकदा ताईंनी लिहून आणले, की सैनिकांची गाडी स्टेशनवर थांबली, तेव्हा बायाबापड्यांनी त्यांना पाणी दिले. कात्रीसाहेबांनी ते खोडले.

"यात काय चुकलं? चांगलीच बातमी आहे," ताई म्हणाल्या.

"चांगली आहे. पण गाडी कुठून कुठे चालली, हे तुम्ही सगळ्यांनाच सांगताय. माझा धाकटा भाऊ अशाच एका गाडीत आहे."

ताईंनी स्वतःच तो कागद फाडला.

पण पुढच्याच आठवड्यात साहेबांनी पिठाच्या टंचाईची बातमी काढायला सांगितली. लोकांचा धीर सुटेल, असे त्यांचे म्हणणे.

"साहेब, दुकानापुढच्या रांगेपासून काय लपवणार? पीठ नाही हे रांगेला माहीत आहे. कधी येणार, तेवढं तिला कळू द्या."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "वाचा." ताईंनी बातमी वाचली, आणि दुपारपर्यंत रांगेतली धक्काबुक्की थांबली.

आणि मग ती सकाळ आली. विमाने आली, स्फोट झाले, माझी पट्टी थरथरली. काका धापा टाकत आत आले. "नदीच्या पुलावर बॉम्ब पडलाय. पूल उभा आहे, पण एका खांबाला मोठी भेग गेलीय. आणि शत्रू डोंगर उतरून आला अशी कोणीतरी आवई उठवलीय. लोक बायकापोरं गाड्यांत घालून पुलाकडेच निघालेत. चौकातला शिपाई म्हणतो, आवरता आवरत नाहीत."

एवढे वजन त्या पुलावर आले असते, तर काय झाले असते हे कोणी बोलून दाखवले नाही.

"पूल तुटायला आलाय, असं सांगते," ताई माझ्यासमोर बसल्या.

"नाही." साहेबांचा हात बटणावर होता. "पुलाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. नेम बरोबर लागला हे शत्रूला कळलं, तर ते दुपारी परत येतील. खांबाखाली दुरुस्तीची माणसं उतरली आहेत."

"आणि गप्प बसलो तर? साहेब, आपण गप्प बसलो की ती आवईच खरी वाटणार."

साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. काचेपलीकडे काकांनी घड्याळाकडे बोट दाखवले.

"पूल हा शब्द मी उच्चारणार नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "पण खोटंही सांगणार नाही. जे सांगता येत नाही, ते सांगता येत नाही, एवढं तरी सांगू द्या."

साहेबांची नोकरी जाऊ शकत होती, कदाचित तुरुंगही नशिबी आला असता. त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. "बोला," ते म्हणाले.

ताईंचा घोगरा आवाज मी कधी इतका जपून नेला नव्हता. "मी बातम्यांवाली बोलतेय. शत्रू डोंगर उतरल्याची बातमी खोटी आहे. माझं स्वतःचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे, आज सकाळी मी तिथूनच आले, माझी आई आत्ता तिथेच आहे. कोणीही नदीकडे जाऊ नका. निघाला असाल तर परत फिरा. कारण आज सांगता येणार नाही. ते आम्ही तुमच्यापासून लपवतोय, हे मात्र लपवत नाही. सांगता येईल त्या दिवशी मी स्वतः सांगेन."

मग आम्ही वाट पाहत बसलो. साहेबांनी पाणी ओतले, पण प्यायले नाहीत. शेवटी काकांनी दार उघडले. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते. "फिरल्या. गाड्या फिरल्या सगळ्या. एक म्हातारा शिपायाला म्हणाला म्हणे, ताई म्हणते तर खरं असणार."

ताईंनी टेबलावर डोके टेकले. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी असा दीर्घ श्वास सोडला, की माझी पट्टी हलली.

संध्याकाळपर्यंत खांबाला आधार मिळाला. विमाने त्या दिवशी परत आली नाहीत. साहेबांना वरून बोलावणे आले. पण चौकशीत त्यांची बाजू पटली आणि ते पुन्हा आमच्या टेबलाशी येऊन बसले. पूल पक्का झाल्यावर ताईंनी दिलेला शब्द पाळला आणि गावाला सगळे सांगितले.

लढाई संपली. साहेबांचा भाऊ सुखरूप परतला. एक नवे वरिष्ठ केंद्र पाहायला आले आणि बटणाकडे पाहून म्हणाले, "राहू दे हे. केव्हातरी उपयोगी पडेल."

"लढाईसाठी बसवलं होतं," साहेब म्हणाले. "लढाई संपली." मग ते काकांकडे वळले. "काका, पाना आणा. आणि मला कात्रीसाहेब म्हणता ते माहीत आहे मला."

त्या दिवशी ताई वाचत होत्या आणि साहेब हातांची घडी घालून नुसते ऐकत होते. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पुढे नवी, हलकी यंत्रे आली. मी बरीच वर्षे एका कपाटात धूळ खात पडलो होतो, मग तुमच्या शाळेत आलो. इथे तुम्ही वादविवाद करता, एकमेकांना टोकता, कधी चुकीचेही बोलता. मला ते फार आवडते.

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा आपल्या शब्दामुळे कोणाच्या जिवाला धोका नाही ना, एवढे आधी मनाशी तपासा. आणि कोणी तुम्हाला गप्प राहायला सांगितले, तर शांतपणे दोन गोष्टी विचारा: कशासाठी, आणि कधीपर्यंत? ज्याचा हेतू साफ असेल, तो दोन्हींचे उत्तर देईल.