खुंटीवरची पिशवी

बायको गेल्यावर तो बरेच दिवस शेताकडे फिरकलाच नाही. शहरातल्या गॅरेजमध्ये काम करणारा धाकटा भाऊ रजा टाकून आला आणि त्यानं सगळं अंगावर घेतलं. गोठा झाडला, पत्र्याची शेड आवरली, राहिलेला एरंड पोत्यांत भरून कारखान्यात पोचवला. तिथं एरंडाच्या तेलापासून इंजिनाचं इंधन करत आणि बियांच्या बदल्यात इंधनच देत.

तो पहिल्यांदा शेडमध्ये आला तेव्हा कोपऱ्यातली खुंटी रिकामी होती.

"इथली निळी पिशवी रे?"

"तीही पोत्यात ओतली. उंदरांनी कुरतडली असती ना." धाकट्यानं बदल्यात आलेल्या इंधनाचा कॅन पुढे केला. "वहिनीचा एक दाणा वाया जाऊ दिला नाही, दादा."

त्यानं रिकाम्या खुंटीवरून हात फिरवला.

एरंडाचं एक वाईट असतं. घोसातली सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत. खालची तडकून बी मातीत सांडतं, वरची हिरवीच असतात. पुन्हा पुन्हा तोडणी करताना कंबर मोडते. काही झाडं मात्र शहाणी निघतात, त्यांचा घोस न तडकता एकदमच पिकतो. बायको त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधायची आणि त्यांचंच बी पुढच्या हंगामाला ठेवायची. अशी कितीतरी वर्षं गेली. तो चिडवायचा, "तुझं हे एरंडाचं गुऱ्हाळ संपायचं कधी?"

"तुमची कंबर दुखायची थांबेल तेव्हा," ती म्हणायची.

यंदा कुठे पिशवीभर बी जमलं होतं. झाडं तर उपटून चुलीत गेली होती. दवाखान्यातसुद्धा तिनं विचारलं होतं, "पिशवी आहे ना खुंटीवर?" आहे, असं त्यानं सांगितलं होतं.

तो तसाच कारखान्यात गेला. घाण्यावरचा मिस्त्री ओळखीचा होता.

"काका, त्याची पेंड झाली की." मिस्त्रीनं तापवायच्या कढईखालून झाडून ओंजळभर दाणे गोळा केले. "पण हे भाजलेत. उगवायचे नाहीत."

"दे तरी."

परत आला तर धाकटा फाटकातच उभा. मिस्त्रीचा फोन येऊन गेला होता; दादा बियाणं शोधत आलाय, एवढंच त्यानं कळवलं होतं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"दादा, ते बियाण्याचं होतं? वहिनीनं राखलेलं? मी काय करून बसलो रे!"

"अरे, मिळालं. हे बघ." त्यानं ओंजळ उघडली. "कढईत जायच्या आधीच सांडलं होतं. एवढं पुरे आहे."

दोघांनी मिळून ते पेरलं. धाकट्यानं कॅनमधलं इंधन पंपाच्या इंजिनात ओतलं आणि पाणी सोडलं. इंजिनाला तळणीसारखा वास येत होता. रोज सकाळी धाकटा दात घासत घासत वाफ्याशी जाऊन बसायचा.

"थंडीनं उशीर होत असेल, नाही?"

"होतो कधी कधी."

कॅन संपला. मातीला साधी भेगही पडली नाही. धाकटा जेवेनासा झाला. रजा वाढवून घेतली, पण घरी बायकोपोरांशी फोनवर बोलेना.

मग एका दुपारी धाकट्याला त्यानं पंपाचा पट्टा आणायला पिटाळलं. स्वतः दुकानातून साधं बी आणलं होतं, ते आधीच्याच खळग्यांत पेरलं. माती पहिल्यासारखी सारखी केली. तिचे भाजके दाणे बोटाला लागत होते, ते त्यानं तिथंच राहू दिले.

पुढच्या आठवड्यात धाकट्याच्या हाकेनं तो जागा झाला.

"दादा! आलं रे! वहिनीचं बी आलं!" धाकटा वाफ्यात गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

"हो," तो म्हणाला. "तिचंच."

धाकट्यानं शेडमधून साडीची एक चिंधी शोधून आणली. "कुठल्याला बांधू?"

त्यानं रोपांकडे पाहिलं. सगळी एकसारखीच.

"आत्ताच नाही कळायचं," तो म्हणाला. "घोस धरू देत. मग बघत बसावं लागतं. फार वर्षं."

त्यानं चिंधीची घडी केली आणि खिशात ठेवली.