जुन्या फोनवरची मुलाखत

वर्षाने नवऱ्याच्या हळदीचा व्हिडिओ निवडला आणि न अडखळता डिलीट दाबलं. नव्या ब्राउझरपुरती जागा झाली.

फोनमधल्या ब्राउझरवर मुलाखतीचं पान उघडतच नव्हतं. या जुन्या फोनला अपडेट येणं कधीच थांबलं होतं. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचीही त्यात मुदत संपली होती. पुण्याला कामाला असलेला नवरा, बबलू, फोनवर म्हणाला होता, "थो फोन डब्बा हाय. राहू दे यंदा."

पण तिने कृषी पदविका केली होती, आणि यवतमाळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतली जागा यंदाच निघाली होती. तिने शोधून काढलं : एक ब्राउझर आपली प्रमाणपत्रं सोबतच आणतो, फोनला विचारत नाही. या फोनवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती तिने उतरवली.

दारात सासू, सुखीबाई, घागऱ्याला आरसे टाचत होती. यवतमाळचा विषय निघाला की ती एरवी उठून जायची. आर्णीजवळचा हा तांडा सोडून सुनेनं कायले जावं, एवढंच तिचं म्हणणं. आज मात्र उठली नव्हती.

"चालून राह्यला का?"

"चालन, याडी." सासूलाही ती बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईच म्हणायची.

पान उघडलं. कॅमेऱ्याची परवानगी विचारली गेली. तिने पदर सारखा केला, फोन पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवला. पडद्यावर एक बाई आणि एक साहेब दिसू लागले. आवाज जरा उशिराने येत होता, पण स्पष्ट होता.

"लग्न झालंय तुमचं," बाई म्हणाल्या. "नोकरी यवतमाळात. घरच्यांना चालेल?"

मातीबद्दलचं सगळं वर्षाने तयार केलं होतं. हे नव्हतं. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"पोरीले मातीचं इचारा," दारातून खणखणीत आवाज आला. "तेथी राहाचं आमी दोघी पाहू."

वर्षाने वळून पाहिलं. सुखीबाई डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होती.

पडद्यावरच्या बाई हसल्या.

"बरं. चोपण जमीन कशी ओळखाल?"

"सामूवरून. पीएच साडेआठच्या वर, म्हणजे माती फार अल्कधर्मी," वर्षा म्हणाली. "पण आधी मी विचारीन, नमुना शेतातल्या कोणत्या जागेवरून घेतला."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.