नवव्या फरशीवरची खुर्ची

अंबाजी आबांच्या खुर्चीचे पुढचे पाय आज माझ्यापासून नवव्या फरशीवर आहेत. दिवाळीत ते पाचव्या फरशीवर होते.

मित्रांनो, मी परंदवडीतल्या त्यांच्या घरातला जुना टीव्ही आहे. कारखान्यातून खोक्यात बसून मी या भिंतीवर आलो. अकरा वर्षं बातम्या आणि क्रिकेट दाखवलं. मग आबांची मुलगी प्रतीक्षा जपानी कंपनीत लागली, ती भाषा शिकली आणि दर रविवारी दुपारी सामुराईंच्या मालिका लावू लागली. पडद्यावर जपानीत बोललेलं ती लगेच मराठीत सांगे. आबांना इतका नाद लागला, की ते तळेगावच्या पुस्तकांच्या दुकानातून सामुराईंच्या कादंबऱ्याही आणू लागले. "ह्यांना एकदा लोहगड चढाया लावा, मग कळंल!" असं म्हणत आणि हळूच डोळेही पुसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग खुर्ची मागे सरकू लागली. प्रतीक्षाला वाटलं, आबा डोळे जपतात. मला खरं ठाऊक होतं. नेत्रशिबिरातला कागद त्यांनी माझ्यासमोरच वाचून कादंबरीत दडवला होता. 'काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचवण्यासाठी ताबडतोब शस्त्रक्रिया.' त्यांची नजर कडांकडून मिटत होती. लांब बसलं, की माझा पडदा उरलेल्या नजरेत मावत असे. असे सात महिने गेले. माझा आवाज मोठा आहे, पण त्यात माझा एकही शब्द नाही.

मित्रांनो, माझी काच पुसायला विसरलात तरी चालेल. घरातली खुर्ची कुठे सरकते, तेवढं बघा.

आज पडद्याच्या डाव्या कडेने मारेकरी आला. प्रतीक्षा किंचाळली, "आबा, तो बघा!"

"कुटं? मला तर कोन न्हाई दिसत."

"एवढा तलवार घेऊन उभा आहे की!"

"तुजा टीव्हीच लय बारीक हाय, पोरी."

"मग उद्या मोठा आणू. हा देऊन टाकू भंगारात."

आबा हसले. मला भंगाराची भीती नव्हती. पण मोठ्या पडद्यासाठी खुर्ची आणखी मागे जाईल आणि मागे आता फक्त भिंत होती.

तेवढ्यात मालिकेतल्या म्हाताऱ्या सामुराईने धन्यापुढे तलवार ठेवली. प्रतीक्षा सांगू लागली, "म्हणतोय, धनी, मला वर्षभर दिसत नाही. मी लपवलं. माझ्या भरवशावर आलेली माणसं त्यामुळं मेली."

आबांनी बाजूची कादंबरी उचलली. मग त्यांनी तिच्यातून घडी पडलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

"टीव्ही ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या मला दवाखान्यात ने. आपरेशन करून घेतो."