मेस्त्रोंची सिंफनी

"उद्या मेस्त्रोंचा हात दाखवेल तेच वाजवायचं. हात चुकला, तर आपणही चुकायचं," कोन्सोलासियोनने वाद्यवृंदाला बजावलं.

चुळबुळ झाली. पहिला व्हायोलिनवादक डेल्फिन जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, ऐंशीव्या वाढदिवसाला म्हाताऱ्याचं हसं करायचं? एवढ्या पाहुण्या संचालकांना सांभाळून घेतलं आपण."

"यांना नाही सांभाळायचं."

डेल्फिन आपल्या खुर्चीकडं परतला. कारण मनिलातल्या प्रत्येक वादकाला ती जुनी गोष्ट कुजबुजीतून ठाऊक होती.

कोन्सोलासियोन ही कापिसच्या किनाऱ्यावरची मुलगी चर्चमधला ऑर्गन वाजवत वाजवत संगीतशाळेत पोचली, मेस्त्रो व्हिल्यारामांची लाडकी शिष्या झाली. तिथंच तिनं सिंफनी लिहिली. कालवं फोडताना आई गुणगुणायची ते गाणं तिसऱ्या भागात गुंफलं. मेस्त्रोंनी ती तपासायला नेली आणि स्वतःच्या नावानं वाजवून घेतली. ती जाब विचारायला गेली, तर त्यांनी हसून पुढ्यात बिबिंका ठेवला. "खा गं, हिजा, लेकी. बाईची सिंफनी ऐकायला कोण येणार? आणि तुझं खरं कोण मानणार?"

तिनं तो गोड केक खाल्ला नाही. पुढं शाळांचे गायकवृंद बसवले, सिनेमांना संगीत दिलं, अनेक रचना केल्या आणि शेवटी याच वाद्यवृंदाची प्रमुख झाली. ती सिंफनी मात्र कधी वाजवली नाही. मेस्त्रोही ती नेहमी दुसऱ्यांकडून वाजवून घेत. या वेळी टीव्हीवाले येणार म्हणताच त्यांना स्वतः संचालन करायची हौस आली. ती गोड हसून "जरूर" म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. पहिले दोन भाग निभावले. तिसरा पाच मात्रांचा. मेस्त्रोंचा हात चारच दाखवत राहिला आणि वादक त्या हातामागून इमानानं गेले. चेलो एकीकडे, हॉर्न दुसरीकडे. बघता बघता सगळं विस्कटलं आणि थांबलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मेस्त्रोंच्या कपाळावर घाम डवरला. छडी घेऊन ते विंगेत उभ्या कोन्सोलासियोनपाशी आले. "हिजा, ये ना गं," त्यांनी छडी तिच्यापुढं धरली, "तुझंच आहे हे. तूच सावर."

हे शब्द ऐकायला तिनं अख्खी हयात घालवली होती. डेल्फिननं व्हायोलिन हनुवटीखाली धरून तिच्याकडं पाहिलं. तिची मान एकदा हलली असती, तर आईचं गाणं उठलं असतं.

"कार्यक्रमपत्रिकेवर तुमचं नाव आहे, मेस्त्रो," ती म्हणाली. "चालू द्या."

ते परत फिरले. पुन्हा चार मात्रा पडू लागल्या, पुन्हा सूर एकमेकांवर आदळू लागले. विंगेच्या अंधारात कोन्सोलासियोनचा उजवा हात आपोआप पाच मात्रा देत होता. तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं डाव्या हातानं तो घट्ट दाबून धरला.