बोर्डावरचा टॅग

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात ऐन वेळी रुसलेला प्रोजेक्टर रेणूनं सगळ्यांदेखत चालू करून दाखवला, तेव्हापासून वायर असलेली कुठलीही वस्तू आपल्याला वचकून असते, अशी तिची खात्रीच पटली होती. म्हणून हथखोजच्या कारखान्यात असलेल्या भाऊराव काकांनी ऑफिसातला एक जुना कम्प्युटर दाखवून, भंगारात देऊ का तुले देऊ, असं विचारलं, तेव्हा तिनं उत्तर द्यायच्या आधीच तो काकांच्या स्कूटरवर चढवला होता.

आठवडाभरात त्या डबड्याचा सर्वर झाला. नवी मोठी डिस्क आत बसली, राउटरची केबल मागून लागली, मॉनिटर आणि कीबोर्ड निघून गेले. सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत टीव्हीखालच्या स्टुलावर तो निमूट बसला. त्यात ठेवलेलं काहीही घरातल्या कुठल्याही मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर उघडायचं. वंदनानं, म्हणजे रेणूच्या आईनं, स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता स्वतःच्या लग्नाचे फोटो पाहिले, "मी किती बारीक होती वं," म्हणाली आणि सर्वरला घरात जागा मिळाली.

आबांनी मात्र एकच गोष्ट विचारली. "माह्यं नाटक राहीन का याच्यात?"

आबा म्हणजे रेणूचे आजोबा तेजराम लांजेवार, स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले. तरुणपणी भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते गाण्याची हौस सोबत घेऊनच. सेक्टरच्या गणपतीत मराठी कामगारांचं नाटक व्हायचं आणि त्यात राणी व्हायचे आबा, मिशी काढून, नऊवारी नेसून. शेवटचं नाटक कुणीतरी कॅमेऱ्यात धरलं होतं आणि ते घरातल्या पहिल्या कम्प्युटरच्या डिस्कमध्ये होतं. फक्त तिथंच. आबा रोज आंघोळ करताना राणीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायचे, "वैनगंगेच्या पाण्यात सांडली माझी हळद गं," आणि थांबायचे. पुढची ओळ गेली होती. सहा वर्षांपूर्वी सिंधुताई आजी गेली, तेव्हापासून ती सापडलेली नव्हती. बाहेर रेणूची आई आणि रेणू दोघी कान देऊन असायच्या, पण न्हाणीघरातून नुसता तांब्याचा आवाज यायचा.

रेणूनं ती डिस्क माळ्यावरून काढून जोडली. डिस्क टक टक करू लागली. म्हाताऱ्या माणसानं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशी ती उठायची. आतली फाइलींची यादीच बिघडली होती, नाटक नेमकं कुठं आहे ते कळायला मार्ग नव्हता. अख्खी डिस्क जशीच्या तशी सर्वरमध्ये उतरवायची आणि मग शोधायचं, हाच उपाय. सहा तासांचं काम, आणि मध्ये वीज जाता कामा नये.

सेक्टरमध्ये लाइट सहसा जात नाही. घरातली माणसंच घालवतात. पहिल्या दिवशी खुद्द आबांनीच, रिकामा स्विच कावून चालू हाय म्हणून, बटण दाबून टाकलं. दुसऱ्या दिवशी आईनं कूलर लावला. जुनी वायरिंग, दोन्ही खोल्यांची लाइन त्याच एका बोर्डातून गेलेली. कूलरच्या मोटरनं झटका घेतला, बल्ब मिणमिणला आणि सर्वर पहिल्यापासून सुरू झाला. त्यानंतर डिस्क जागी व्हायला दहा मिनिटं लागली. पुन्हा बंद पडली तर ती उठणार नाही, हे रेणूला कुणी सांगायची गरज नव्हती.

पप्पा तेव्हा नाइटला निघायच्या तयारीत होते. कमलेश लांजेवार प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन, आणि घरातल्या बोर्डाला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपायचं नाही. रेणूला वाटलं, आता हा नाद सोड म्हणतील. त्यांनी मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्याचं झाकण कापलं, लाल स्केचपेननं रंगवलं, वर भोक पाडून सुतळी ओवली. मग समजावून सांगितलं. प्लांटमध्ये मशीनवर काम करणारा माणूस स्विचला आपला टॅग लावतो. टॅग आहे तोवर जे चालू ते चालू, जे बंद ते बंद. साहेब आला तरी हात लावत नाही.

"अन् ज्यानं लावला त्यानंच काढाचा," पप्पा म्हणाले. "नाव लिही. नुसतं रेणू नोको, पूरं नाव. टॅगवर अर्धं नाव नसते."

तिनं लिहिलं, रेणू कमलेश लांजेवार. लिहिताना उगाच मान ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात, सव्वासहाला, तिनं काम सुरू केलं. कशाचाच झटका नको म्हणून पंखेसुद्धा बंद केले, बोर्डावर टॅग अडकवला, आबांना दोनदा आणि आईला तीनदा बजावलं आणि सायकलवर टांग टाकली. एप्रिलमध्ये शाळा सकाळची होती, बारापर्यंत.

तिसऱ्या तासाला बाईंनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, झळा येत होत्या. आणि रेणूला एकदम आठवलं. पप्पा. रात्रभर ड्यूटी करून ते सातला घरी येतात आणि कूलरसमोर आडवे होतात. तो कूलर त्याच बोर्डावर, आणि तिनं तर पंख्यालाही कुलूप घातलं होतं. चव्वेचाळीस डिग्रीत कोणता माणूस पुठ्ठ्याचं ऐकेल? घरातल्या सगळ्या लाइनीचा मालकच तो. एक बोट, आणि डिस्क गेली. फोन शाळेत चालत नव्हता. पुढचे दोन तास बाई काय शिकवत होत्या, ते बाईंनाच ठाऊक.

सुटी होताच ती अशी निघाली की चौकातला ऊसवाला बाजूला सरकला.

घराच्या व्हरांड्यात खाटेवर पप्पा बसले होते. बनियन अंगाला चिकटलेली, डोक्यावर ओला गमछा, हातात वर्तमानपत्राचा पंखा. डोळे लाल. झोप झालेली नव्हती. शेजारी खुर्चीत आबा पायाखाली पाण्याची बादली घेऊन बसले होते.

"आली वं मालकीण," आबा म्हणाले. "तीनदा उठलो मी टॅग काढाले. तुह्या बापानं तीनदा बसवलं मले. आपल्याच घरात उकडून राहिलो आमी."

रेणूनं दप्तर खाली टाकलं. "पप्पा, कूलर लावाचा ना. मले काय मालूम..."

"टॅग तुह्या नावाचा हाय," पप्पा म्हणाले. "जा, पाय आपलं काम. अन् लवकर पाय."

ती आत धावली. खोली भट्टीसारखी तापली होती, पण सर्वरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मोबाइलवर आकडा पाहिला. शंभर टक्के. काम झालेलं. तिनं सुतळीची गाठ सोडली, टॅग काढला आणि स्वतःच्या हातानं कूलर लावला. पप्पा आत आले, फरशीवरच आडवे झाले आणि बोलता बोलता घोरायला लागले. आईनं जेवायला उठवायचा एकदा प्रयत्न केला आणि ताट झाकून ठेवलं.

नाटक सापडायला संध्याकाळ झाली. टीव्हीवर हलता, धुरकट मंडप दिसला. राणी आली, खांदे कोक ओव्हनवाल्याचे, चाल मात्र अशी की आईनं पदर तोंडाला लावला. राणीनं कमरेवर हात ठेवला आणि सूर धरला, "वैनगंगेच्या पाण्यात सांडली माझी हळद गं..."

आणि राणी थांबली. इकडे तिकडे पाहू लागली. पेटीवाला तेच तेच वाजवत राहिला.

"हात्तिच्या," आबा पुटपुटले. "तवाही इसरलोच होतो."

तेवढ्यात मंडपातून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एका बाईचा खणखणीत आवाज आला. "अहो, नदी झाली पिवळी! महिनाभर माह्यं डोकं खाल्लं ना घरी!"

मंडप हसून हसून फुटला. राणी लाजली, पदर सावरला आणि पुढं गाऊ लागली, "नदी झाली पिवळी, आता परत मागू कशी गं."

पप्पा उठून बसले होते. आजीचा आवाज घरात कुणी सहा वर्षांत ऐकला नव्हता. तो या डिस्कमध्ये आहे, हेही कुणाला माहीत नव्हतं.

"तिलेच येत होती पुढची ओळ," आबा म्हणाले. मग घसा खाकरला. "पुन्हा लाव."

रेणूनं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा आईला बातम्या आठवल्या आणि तिनं रिमोटकडे हात नेला. आबा उठले, स्टुलावरचा लाल पुठ्ठा उचलला, उलटा केला आणि रेणूकडून पेन मागून घेतलं. सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, तेजराम दौलतराव लांजेवार. आणि तो टॅग टीव्हीच्या स्विचला अडकवून खुर्चीत येऊन बसले.