ड्रॅगनवरची चीर

पारख्याच्या नातीने पहिला शब्द उच्चारला, त्या वर्षाची ही गोष्ट. मांडीवर बसून, त्याचा चष्मा ओढत ती "आबा" म्हणाली. सगळ्या घराने ऐकलं, त्याने ऐकलं नाही. बायकोने "ऐकलंत ना?" म्हणून विचारलं, तेव्हा तो तिच्यावरच उखडला. "ऐकलं की! मी काय बहिरा आहे?"

तसा बहिरा तो नव्हता. पुरुषांचे जाड आवाज, हातोडी, आपटलेलं दार, सगळं ऐकू येई. फक्त बारीक आवाज एकेक करून विझले होते, आणि त्याचं पोट बारीक आवाजावरच होतं. जुनं चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्याने कडेवर हलकेच मारायचं. खरी चांदी लांबवर गात राहते, खोटं नाणं बद्द वाजतं. चाळीस वर्षं तो हे करत होता. बाजारात त्याला 'कानवाले' म्हणत. खरं नाणं वाजताना बोटाला मुंगी चालल्यासारखी थरथर जाणवते. गेलं वर्षभर तेवढ्यावर तो निभावून नेत होता आणि कुणाला ताकास तूर लागू देत नव्हता.

दुकानाचा एक नियम होता. खोटं ठरलेलं नाणं तो तिथल्या तिथे छिन्नीने चिरायचा, पुन्हा कुणी फसू नये म्हणून. तसं सांगणारी पाटीच त्याने गल्ल्यामागे लावली होती.

त्या सकाळी धाकटी बहीण आली ती दातांच्या डॉक्टरला घेऊनच. हा डॉक्टर लोकांचे दात उपटून मिळवलेला पैसा चीनच्या जुन्या नाण्यांत घाली. बहिणीने रुमालाची गाठ सोडली. आत एकच नाणं होतं, एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं. त्यांचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते, त्यांनी आणलेलं.

"असली नाणी जगात मोजकीच उरलीत," डॉक्टर म्हणाला. "कानवाले खरं म्हणाले, तर ऑपरेशनचा सगळा खर्च माझा आणि नाणं माझं. लगेच, आजच."

ऑपरेशन मेहुण्याचं होतं. तो शिंपी. छातीतली झडप निकामी झालेली, मशीनवर बसला की ओठ निळे पडत.

"मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाभरात करा," बहीण म्हणाली. "दादा, बघ ना लवकर."

पारख्याने भिंग लावलं. ड्रॅगनचे खवले झिजून गुळगुळीत झाले होते. तराजूत नाणं किंचित हलकं भरलं. झिजेनेही तसं होतं, खोटेपणानेही. आता निकाल कानाचा होता. पण आदल्या दिवशी तुटलेली साखळी सांधायला डाग देताना त्याचं बोट भाजलं होतं आणि त्यावर पट्टी होती. त्याने पट्टीवरच नाणं तोललं आणि कडेवर मारलं.

काहीच नाही. ना कानात, ना बोटात.

पुन्हा मारलं. डॉक्टर नाण्याकडे टक लावून बघत होता. 'तुम्हीच सांगा, कसं वाजलं?' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघेनात. वडिलांच्या थापा आठवल्या. म्हणे चहाच्या व्यापाऱ्याने खूश होऊन दिलं! म्हातारा जन्मभर असलंच काही सांगायचा. शिवाय बहिणीचं म्हणून पास केलं, असं बाजार बोलला असता ते वेगळंच.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"अरे, घुंगरासारखं वाजलं की!"

तिच्या ओठांवरून त्याला कळलं. "चाळीस वर्षं मी ऐकतोय का तू? वडील थापाडे होते, हे तुला आज कळतंय होय?"

"कानवाले, मलाही जरा..." डॉक्टर हात पुढे करत होता. पण पारख्याला आता थांबायची भीती वाटत होती. त्याने नाणं ऐरणीवर ठेवलं, छिन्नी धरली आणि हातोडी घातली. ड्रॅगन मानेपासून शेपटीपर्यंत चिरला.

चिरेच्या आत पितळ नव्हतं, शिसं नव्हतं. तळापर्यंत पांढरीशुभ्र चांदी होती.

डॉक्टरने नाणं उचलून वाजवून पाहिलं. चिरलेलं नाणं बद्दच वाजणार. "खरं होतं हो," तो म्हणाला. "आता मोडीच्या भावाने द्यायचं तर द्या. मला नको."

बहीण रडली नाही. ती उठून भावाच्या पाठीमागे गेली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. पारखी चिरेकडे बघत बसला होता. डॉक्टरची नजर त्याच्यावरून बहिणीवर आणि परत त्याच्यावर आली, तेव्हा तो वळला.

"काय म्हणालीस?"

"तुला हाक मारली. तीनदा." तिने रिकामा रुमाल घडी करून ठेवला. "घरी सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं रे?"

त्याच संध्याकाळी त्याने दुकान विकायला काढलं, तराजू आणि भिंगासकट. गिऱ्हाईक मिळून व्यवहार व्हायला सात आठवडे लागले.

मेहुणा त्याआधीच गेला. त्या वर्षी नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, शिलाई मशीनवर. वय एक्कावन्न.